बहिरेपणाचा इतिहास आणि आपले कान

गणपतीच्या बारा नावांपैकी एक नाव 'गजकर्णक' आहे आणि अथर्वशीर्षात त्याला 'शूर्पकर्णक', म्हणजे सुपासारखे कान असलेला, असे म्हटले आहे. घरातली वडीलधारी माणसे याचा अर्थ सांगत असत की, सूप जसे धान्य राखते आणि फोलपट उडवते, तसा हा देव भक्ताचे सारभूत तेवढे ऐकून घेतो. एवढ्या मोठ्या कानांच्या दैवताचा उत्सव आपण दहा दिवस थाटाने करतो; माणसाच्या कानांबद्दल मात्र आपल्या घरांत फारसे बोलणे होत नाही. चष्मा लागला की आपण चारचौघांत सांगतो. कान मंदावले की आधी स्वतःपासून, मग घरच्यांपासून आणि शेवटी डॉक्टरांपासून लपवतो.

२०११ च्या जनगणनेत देशातल्या २ कोटी ६८ लाख व्यक्तींची नोंद अपंग म्हणून झाली. त्यांपैकी सुमारे ५० लाख ७० हजार जणांचे अपंगत्व श्रवणाचे होते. केंद्र सरकारच्या बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रमात मात्र, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाच्या आधारे, लक्षणीय श्रवणदोष असलेल्यांची संख्या ६ कोटी ३० लाखांच्या आसपास धरली आहे. दोन्हींच्या मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत, हे खरे. तरीही अर्धा कोटी आणि सहा कोटी यांच्यामधली दरी केवळ पद्धतीची म्हणता येणार नाही. तिच्यात न सांगितलेले, न तपासलेले आणि 'वयानुसार होतेच' म्हणून सोडून दिलेले कान आहेत. ही दरी कशी पडली हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

जुने ग्रंथ, जुने कायदे

आपल्या वैद्यांनी कानाकडे बारकाईने पाहिले होते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग सांगितले आहेत. त्यांत 'बाधिर्य' आहे, तसा कानात सतत आवाज येत राहण्याचा 'कर्णनाद'ही आहे. वैद्याच्या दृष्टीने बहिरेपणा हा एक रोग होता.

धर्मशास्त्राच्या दृष्टीने तो हक्क हिरावणारा दोष होता. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वारसाहक्क नसलेल्यांच्या यादीत जन्मांध आणि जन्मबधिर आहेत, मुकेही आहेत. त्यांना अन्नवस्त्र द्यावे, पण वाटा देऊ नये, अशी ती व्यवस्था. इंग्रजी अमदानीत न्यायालयांनी हिंदू कायदा लावताना हे नियम कायम ठेवले. कुळकर्ण्याच्या, देशमुखाच्या घरात जन्मतः बहिरा मुलगा जन्मला, तर वडिलोपार्जित जमिनीत त्याला वाटा नाही, हे विसाव्या शतकातही कायद्याने चालत होते. १९२८ च्या हिंदू वारसाहक्क (अपात्रता निवारण) कायद्याने हा अन्याय मोठ्या प्रमाणात दूर केला. पुढे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २८ व्या कलमाने स्पष्ट सांगितले की, कोणत्याही रोगामुळे, दोषामुळे किंवा व्यंगामुळे वारसाहक्क जाणार नाही. ज्यांचे आजोबा १९२८ पूर्वी जन्मले, त्या घरांच्या दृष्टीने ही फार जुनी गोष्ट नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आणखी एक मासलेवाईक उल्लेख येतो. राजाच्या हेरांनी मुक्याचे आणि बहिऱ्याचे सोंग घेऊन अंतर्गृहातल्या बातम्या काढाव्यात, असे तिथे सांगितले आहे. बहिऱ्यासमोर लोक मोकळेपणाने बोलतात, त्याला मोजतच नाहीत, हे त्या चाणाक्ष माणसाने हेरले होते. दोन हजार वर्षांनंतरही घरातल्या कमी ऐकू येणाऱ्या आजोबांसमोर, ते तिथे नसल्यासारखे, त्यांच्याविषयीच बोलणारी कुटुंबे आपण पाहतोच.

'मूकबधिर' हा जोडशब्दही याच समजुतीतून आला. मुलाला बोलता येत नाही म्हणजे त्याच्या जिभेत किंवा घशात दोष, असे लोकांना वाटे. वास्तविक बहुतेक कर्णबधिर मुलांचे स्वरयंत्र उत्तम असते. मूल भाषा ऐकून शिकते. ऐकूच आले नाही तर ते बोलणार कशाच्या आधारावर? म्हणून आज शाळांतून आणि संस्थांतून 'कर्णबधिर' हा शब्द वापरतात.

पॅरिस ते मिलान

युरोपातही बहिऱ्याला शिकवता येत नाही, असाच समज शतकानुशतके होता. तो पहिल्यांदा मोडला सोळाव्या शतकातल्या स्पेनमध्ये. पेद्रो पोन्से द लेओन नावाच्या एका ख्रिस्ती साधूने सरदार घराण्यांतल्या बहिऱ्या मुलांना लिहायला, वाचायला आणि बोलायला शिकवले. यामागे दया होतीच, पण वारसाहक्काचाही प्रश्न होता. शिकलेला बहिरा मुलगा घराण्याचा वारस म्हणून उभा राहू शकत होता.

गरिबांच्या मुलांसाठी दार उघडले ते अठराव्या शतकात पॅरिसमध्ये. आबे द लेपे या धर्मगुरूने तिथे मोफत शाळा काढली. बहिरी माणसे आपसांत ज्या खुणा वापरतात त्याच शिक्षणाचा पाया कराव्यात, हा त्यांचा विचार. त्याच सुमारास एडिंबरोमध्ये थॉमस ब्रेडवुड यांची शाळा होती. पण ती फी घेणारी, आणि तिथली पद्धत हे घराण्याचे गुपित होते. पुढे अमेरिकेतून थॉमस हॉपकिन्स गॅलॉडेट हा तरुण ही विद्या शिकायला इंग्लंडला आला तेव्हा ब्रेडवुड घराण्याशी त्याचे जमले नाही. तो पॅरिसला गेला. तिथे त्याला सर्व काही मोकळेपणाने शिकवले गेले, आणि परतताना लॉरें क्लेर्क नावाचा कर्णबधिर शिक्षकच त्याच्याबरोबर निघाला. १८१७ साली या दोघांनी हार्टफर्ड येथे शाळा सुरू केली. १८६४ मध्ये वॉशिंग्टनला कर्णबधिरांना पदवी देणारे महाविद्यालय निघाले आणि त्याच्या सनदेवर अब्राहम लिंकन यांनी सही केली. ज्ञान मुठीत धरले तर ते एका घरापुरते राहते आणि मूठ उघडली तर समुद्रापलीकडे जाते, हे या दोन शाळांच्या हकीकतीतून दिसते.

यानंतर मात्र चाक उलटे फिरले. सप्टेंबर १८८० मध्ये इटलीतल्या मिलान शहरी कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. खुणांची भाषा शाळांतून बंद करावी आणि मुलांना फक्त ओठ वाचून बोलायला शिकवावे, असा ठराव तिथे झाला. १६४ प्रतिनिधींत स्वतः कर्णबधिर असलेला केवळ एक होता. ज्यांच्या भाषेचा निकाल लागत होता त्यांना मतच नव्हते. या ठरावाने पुढची शंभर वर्षे जगभरच्या शाळांवर सावली धरली. वर्गात हात हलले की छडी बसे, हात बांधून ठेवले जात. २०१० साली व्हँकुव्हरच्या परिषदेत या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त झाला. मधल्या एकशेतीस वर्षांत कितीतरी पिढ्या अर्धवट बोली आणि चोरटी खूण यांच्यामध्ये वाढल्या.

या वादात बोलण्याच्या बाजूचा मोठा पुरस्कर्ता होता अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. त्याची आई बहिरी होती, पत्नीही बहिरी होती आणि तो स्वतः बहिऱ्या मुलांचा शिक्षक होता. आवाजाचे कंप समजून घेण्याच्या खटपटीतूनच १८७६ चा टेलिफोन जन्मला. दैवाचा खेळ असा की, कर्णबधिरांच्या शिक्षकाने काढलेल्या यंत्राने पुढची शंभर वर्षे कर्णबधिरांनाच दूर ठेवले. त्यांच्या हाती फोन खऱ्या अर्थाने आला तो मोबाइलवरच्या लेखी निरोपामुळे आणि व्हिडिओ कॉलमुळे.

माझगाव, कलकत्ता, बडोदे

भारतातली कर्णबधिरांची पहिली शाळा मुंबईत माझगावला निघाली. १८८० च्या दशकात मुंबईचे कॅथलिक बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. मिलानचा ठराव नुकताच झालेला होता, त्यामुळे तिथेही भर बोलायला शिकवण्यावरच होता.

दुसरी महत्त्वाची शाळा कलकत्त्याची. तिचे साल आपल्या लक्षात सहज राहील : १८९३. पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाने आकार घेतला त्याच वर्षी कलकत्त्यात जामिनीनाथ बॅनर्जी, श्रीनाथ सिंह आणि मोहिनीमोहन मजुमदार या मंडळींनी मूठभर मुले घेऊन वर्ग सुरू केला. जामिनीनाथ पुढे इंग्लंड-अमेरिकेत जाऊन या विषयाचे रीतसर शिक्षण घेऊन आले आणि त्यांनी इथे शिक्षक तयार केले. लोकांनी लोकांसाठी, वर्गणीवर चालवलेल्या कामांचा तो काळ होता. एका शहरात वर्गणीतून मंडप उभा राहिला, दुसऱ्या शहरात शाळा.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत बडोदे संस्थानातही मूकबधिरांच्या शिक्षणाची सोय झाली. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. एकदा 'प्रत्येक मूल शाळेत' असे म्हटले की ज्याला ऐकू येत नाही त्या मुलाचे काय, हा प्रश्न आपोआप दारात उभा राहतो. बडोद्याने तो टाळला नाही. आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या मराठी मंडळींनी हे अभिमानाने सांगावे असे आहे.

स्वातंत्र्यानंतर विषयाला शास्त्राची बैठक मिळाली. १९६० च्या दशकात म्हैसूरला अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था निघाली आणि मुंबईच्या नायर रुग्णालयात श्रवण व वाणी उपचारांचे शिक्षण सुरू झाले. १९८३ मध्ये वांद्र्याला राष्ट्रीय श्रवणविकलांग संस्था स्थापन झाली. तिला अली यावर जंग यांचे नाव आहे. ते हैदराबादचे आणि १९७१ पासून महाराष्ट्राचे राज्यपाल होते. या संस्थेचे एक प्रादेशिक केंद्र सिकंदराबादला आहे, त्यामुळे तिकडच्या मराठी कुटुंबांनाही ती जवळची आहे.

हातांची भाषा

शाळांनी बंदी घातली तरी खुणा मेल्या नाहीत. वसतिगृहाच्या खोलीत, मधल्या सुट्टीत, रेल्वेच्या फलाटावर भेटणाऱ्या कर्णबधिर मित्रांच्या घोळक्यात त्या वाढत राहिल्या. १९६० साली विल्यम स्टोको या अमेरिकन अभ्यासकाने दाखवून दिले की, खुणांच्या भाषेला स्वतःचे व्याकरण असते. ते नुसते हातवारे नव्हेत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस भारतीय खुणांचाही शास्त्रीय अभ्यास सुरू झाला. वेगवेगळ्या शहरांत शब्द थोडे निराळे असले तरी व्याकरण एक आहे, असे त्यातून दिसले. आपल्या बोलभाषा प्रांताप्रांतांत बदलतात. हातांनी मात्र देश जोडून ठेवला होता.

आपल्यापैकी अनेकांना दूरदर्शनवरच्या रविवार दुपारच्या बातम्या आठवत असतील. १९८७ पासून कर्णबधिरांसाठी त्या सुरू झाल्या. कित्येक घरांत त्या लागल्या की मुले खुणांची नक्कल करून हसत. पण त्याच वेळी एखाद्या घरात आपल्याला समजेल अशी आठवड्यातली एकमेव बातमी पाहायला कोणीतरी वाट पाहत बसलेले असे.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. २०१८ मध्ये त्याने ३,००० शब्दांचा कोश काढला आणि २०२१ पर्यंत तो १०,००० शब्दांवर गेला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने या भाषेच्या प्रमाणीकरणाचा उल्लेख केला. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्यापुढे एका कर्णबधिर महिला वकिलाचे काम सांकेतिक भाषेच्या दुभाष्यामार्फत चालले. मिलानच्या सभेत ज्यांना मत नव्हते, त्यांच्यातली एक व्यक्ती देशाच्या सर्वोच्च न्यायपीठासमोर उभी राहिली.

आपल्या इंदूरशी तर या भाषेचे एक वेगळेच नाते जडले. लहानपणी चुकून पाकिस्तानात पोहोचलेली, ऐकू-बोलू न शकणारी गीता २०१५ साली भारतात परतली आणि इंदूरच्या मूकबधिर संस्थेत राहिली. तिला आपले नाव, गाव, आईबापांचे नाव सांगता येत नव्हते. इथल्या सांकेतिक भाषेच्या जाणकारांनी तिच्या खुणांमधून नदी, देऊळ, रेल्वे स्टेशन, शेत असे एकेक धागे जोडत शोध घेतला आणि २०२१ मध्ये तो माग मराठवाड्यातल्या परभणी जिल्ह्यापर्यंत गेला. एका मुलीला लहानपणी कोणी एखादी भाषा, खुणांची का होईना, शिकवली असती, तर तिचा पत्ता सापडायला दोन देशांची सरकारे लागली नसती.

नरसाळ्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत

यंत्रांचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. आधी कानाला लावायचे नरसाळे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी विजेवरची यंत्रे आली. बॅटरीचा डबा खिशात आणि वायर कानात. ट्रान्झिस्टर बाजारात आला तेव्हा सर्वसामान्यांनी विकत घेतलेल्या त्याच्या अगदी पहिल्या वस्तूंत श्रवणयंत्र होते, रेडिओ नंतर आला. ट्रान्झिस्टरचे पेटंट असलेल्या कंपनीने बेलच्या स्मरणार्थ श्रवणयंत्रांसाठी स्वामित्वशुल्क माफ केले होते.

ज्या मुलांना श्रवणयंत्राचाही उपयोग होत नाही त्यांच्यासाठी कॉक्लिअर इम्प्लांट आहे. कानाच्या आतल्या शंखाकृती भागात तारा बसवून थेट श्रवणाच्या नसेला विद्युतसंदेश देणारी ही शस्त्रक्रिया. केंद्र सरकारच्या एडिप योजनेत गरीब कुटुंबांतल्या लहान मुलांसाठी ती मोफत होते. पण इथे वेळेला फार महत्त्व आहे. भाषा शिकण्याची मेंदूची तयारी पहिल्या काही वर्षांत सर्वांत अधिक असते. म्हणून जगभर '१-३-६' हा दंडक पाळतात : पहिल्या महिन्यात कानांची चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांना सुरुवात. नवजात बाळाची ही चाचणी बाळ झोपेत असताना काही मिनिटांत होते, सुई लागत नाही. तरीही 'मुलगे उशिराच बोलतात', 'याचे वडीलही चार वर्षांनी बोलले' असे म्हणत आपण सोन्यासारखी वर्षे घालवतो. शस्त्रक्रियेनंतरही वर्षभर, दोन वर्षे वाणीउपचार लागतात. नुसते यंत्र बसवून मूल बोलू लागत नाही. आणि ज्यांना यंत्राचा लाभ होत नाही त्यांना खुणांची भाषा लहानपणीच मिळाली पाहिजे. कोणती वाट धरायची याचा वाद तज्ज्ञांत चालू राहील. मूल भाषेविना राहता कामा नये, याविषयी मात्र दुमत नाही.

गिरणीचे कान

इतका वेळ जन्मतः बहिरेपणाविषयी लिहिले. आपल्या शहराच्या इतिहासात दुसराही बहिरेपणा आहे, कमावलेला. माळवा मिल, हुकुमचंद, राजकुमार, कल्याण, स्वदेशी, भंडारी या गिरण्यांवर इंदूर उभे राहिले. अनंत चतुर्दशीच्या ज्या झांक्या पाहायला सारे शहर रात्रभर जागते त्या याच गिरण्यांच्या कामगारांनी सुरू केल्या. मागांच्या खात्यात आवाज सहज ९५ ते १०० डेसिबलपर्यंत जातो. तिथे शेजाऱ्याशी बोलायचे तर ओठ पाहून नाहीतर हाताने. पाळी संपवून घरी आलेला माणूस मोठ्याने बोले, रेडिओ मोठा लावी, आणि घरचे म्हणत, 'स्वभावच तापट.' तापट स्वभाव नव्हता तो. कान गेले होते.

हे कसे होते तेही सांगावे. कानाच्या आतल्या शंखात सुमारे १५,००० सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या थकतात, मग मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात त्या उंच स्वर पकडणाऱ्या पेशी. स, श, फ, थ या व्यंजनांचा प्राण याच उंच स्वरांत असतो. म्हणून अशा माणसाला 'आठ' म्हटले की 'साठ' हे कळत नाही. तो म्हणतो, 'आवाज येतो, पण शब्द लागत नाही.' ओरडून बोलल्याने ही अडचण सुटत नाही. उलट शब्द आणखी फाटतात.

कारखाना कायद्यात १९८७ च्या दुरुस्तीनंतरच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आवाजाने येणारा बहिरेपणा होता. परंतु तो हळूहळू येतो, दुखत नाही, रक्त दिसत नाही. त्यामुळे तक्रार होत नाही. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या देण्यांचा तिढा सुटायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. बत्तीस वर्षांनी पैशांचा हिशेब झाला. गेलेल्या कानांना मात्र अशा हिशेबात रकाना नसतो.

उत्सव आपला, कान सगळ्यांचे

आता गिरणीचा भोंगा नाही, पण मागांच्या खात्याएवढा आवाज आपण हौसेने विकत आणतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सोपा आहे : ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास कानाला सोसतो. आवाज ३ डेसिबलने वाढला की सोसण्याचा काळ निम्मा होतो. १०० डेसिबलला आठवड्याला जेमतेम २० मिनिटे उरतात. मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीपुढे चार तास नाचणाऱ्या मुलाने किती आठवड्यांचा कोटा एका रात्रीत संपवला, ते प्रत्येकाने करून पाहावे. दुसऱ्या दिवशी कानात 'कुँई' असा आवाज येत राहिला तर तो सुश्रुतांचा कर्णनादच समजावा.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. वर्षातून फार तर १५ दिवस राज्य सरकार १२ वाजेपर्यंत सवलत देऊ शकते. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असते. हे नियम उत्सवाच्या विरोधात नाहीत. ध्वनिक्षेपक येण्याच्या कितीतरी आधी गणेशोत्सव सुरू झाला, आणि मेळे, पोवाडे, व्याख्याने यांनी तो गाजला.

अपंगत्वविषयक कायदेही पुढे गेले आहेत. १९९५ चा कायदा आला, मग २०१६ चा. नव्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांतले आरक्षण ३ वरून ४ टक्के केले आणि त्यात १ टक्का कर्णबधिर व कमी ऐकू येणाऱ्यांसाठी ठेवला. दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा अधिक ऱ्हास म्हणजे कर्णबधिर आणि ६० ते ७० म्हणजे कमी ऐकू येणारे, अशी त्याची व्याख्या आहे. मात्र ४० किंवा ५० डेसिबल ऱ्हास असलेली माणसे, म्हणजे आपल्या घरातले बहुसंख्य ज्येष्ठ, या व्याख्येत बसत नाहीत. त्यांच्यासाठी कायद्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी आपण आहोत.

आम्ही सरकारी कचेरीत काम करणारी माणसे. खिडकीवर नाव पुकारले आणि माणूस उठला नाही तर पुढचे नाव घेतले जाते, हे रोज घडते. तो गैरहजर नसतो, त्याला ऐकू आलेले नसते. क्रमांक पाटीवर लिहिला, बोलताना तोंड समोर ठेवले आणि महत्त्वाची तारीख कागदावर लिहून दिली, तर एक पैसा खर्च न होता त्याचे काम होते. हेच घरी. दुसऱ्या खोलीतून हाक मारू नये. टीव्ही बंद करून, समोर बसून, सावकाश आणि नेहमीच्या आवाजात बोलावे. 'जाऊ दे, काही नाही' हे उत्तर कधीही देऊ नये. त्या तीन-चार शब्दांनी माणूस बैठकीतून उठतो आणि पुन्हा येत नाही. न ऐकू येण्याने येणारा एकटेपणा मनाला लागतोच, शिवाय स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत 'लॅन्सेट'च्या अभ्यासगटाने श्रवणऱ्हासाला वरचे स्थान दिले आहे. तेव्हा साठीनंतर वर्षातून एकदा कानांची तपासणी करावी आणि श्रवणयंत्र लागले तर ते चष्म्याइतक्याच सहजपणे लावावे. पहिल्या महिन्यात ते नकोसे वाटते, कारण मेंदूला विसरलेले आवाज पुन्हा ओळखायचे असतात. ते कपाटात न ठेवता धीर धरून वापरावे.

आपल्या मंडळापुरत्या काही सूचना मांडून हा लेख संपवतो. दहा दिवसांतला एक दिवस कानांच्या तपासणीला द्यावा. व्याख्यान आणि नाटकाच्या वेळी पुढच्या दोन रांगा कमी ऐकू येणाऱ्यांसाठी राखाव्यात आणि आरतीचे शब्द व व्याख्यानातले मुख्य मुद्दे पडद्यावर दाखवावेत. ढोल वाजवणाऱ्या मुलांना कानात घालायच्या गुटल्या द्याव्यात. एका संध्याकाळी सांकेतिक भाषेच्या दुभाष्याला बोलवावे. आपल्या शहरात असे जाणकार आहेत. आणि पुढच्या वर्षीच्या निमंत्रणपत्रिकेत तळाशी एक ओळ छापावी : 'कार्यक्रम पडद्यावर लेखी दिसेल, कमी ऐकू येणाऱ्यांनी अवश्य यावे.' रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर या भागांतून दरवर्षी पत्रिका घेऊन फिरणाऱ्या कार्यकर्त्यांनी ती ओळ घरातल्या ज्येष्ठांना बोट ठेवून दाखवावी, आणि कार्यक्रमाला येणे सोडलेल्यांपैकी किती जण परत आले ते मोजावे.